अभिजात म्हणजे कोणती जात?

“अभिजात म्हणजे कोणती जात गं?” माय भाकरी थापता थापता म्हणाली, आणि अण्णा आणि मी पोट धरून हसलो. माय रागावली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणू लागली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. लोक मला विचारतात, आत्मकथन लिहायचं तुझं वय झालं का? तिशीच्या आत कुणी आयुष्य मांडतं का? मी म्हणते, लाज ताजी आहे तोवरच लिहिलेलं बरं. म्हातारपणी माणूस स्वतःला फार लवकर माफ करतं.

आमचं घर वाटूरला, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत अण्णांचा छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. परतूरकडे, मंठ्याकडे, जालन्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न दिवसभर कानावर पडत. त्यात अण्णांच्या जुन्या, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा खडखट-खडखट आवाज मिसळलेला. पुढे अण्णांनी एक जुनं ऑफसेट मशीन आणलं, पण ट्रेडल काही विकलं नाही. “ह्याला मोड म्हणून देऊ न्हाई शकत मी,” असं म्हणत. लग्नपत्रिका, पावती-पुस्तकं, मोसंबीच्या रोपवाटिकांच्या जाहिराती हे पोटाचं काम. मनाचं काम म्हणजे पत्रकं. मोर्च्याची, सभेची, निषेधाची, विहाराच्या कार्यक्रमाची. मी अक्षरं शिकले ती पुस्तकावर नाही, प्रुफांवर. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची, भाकरी बांधायला पत्रकं, मिरच्या वाळत घालायला पत्रकं. मला जोडून वाचता आलेला पहिला शब्द ‘बंधुभगिनींनो’ असा होता. प्रत्येक पत्रक त्यानेच सुरू व्हायचं. बाकीची पोरं ‘कमळ बघ’ वाचत होती, तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो हे मला उशिरा कळलं. आमच्याकडे उद्गारचिन्हच असायचं.

अशा घरात वाढलेल्या पोरीला विसाव्या वर्षी कुणी निवड समितीवर घेतलं तर ती काय करणार? आधी मागण्यांची यादी लिहिणार. झालं असं, की गावच्या वाचनालयाने एक पुस्तिका काढायचं ठरवलं. आपल्या भागातल्या माणसांनी रचलेली आणि लोकांच्या तोंडी असलेली पंचवीस गाणी निवडायची. त्या वर्षांत मराठीच्या दर्जाच्या मागणीमुळे ‘अभिजात’ हा शब्द रोज वर्तमानपत्रात येत होता, त्यामुळे पुस्तिकेचं नावही तेच पडलं : ‘आपली अभिजात गाणी’. निवडणारे तिघं. देशमुख सर आम्हाला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं गावातलं जुनं जमीनदार, पण सर स्वतः सायकलवर फिरायचे आणि कुणाच्याही दारात चहा प्यायचे. दुसरे शकीलचाचा. त्यांचं एके काळी परतूरला कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. दुकान गेलं, पण कॅसेटींची खोकी त्यांनी घरात रचून ठेवलेली. कोणतं गाणं कोणत्या चालीवर बेतलेलं आहे, हे ते पहिल्या दोन सुरांत सांगत. आणि तिसरी मी, तरुणांची प्रतिनिधी. जालन्याला कॉलेजात शिकत होते, सुट्टीला घरी आले होते, आणि सगळ्या जगावर माझा राग होता.

त्या वर्षी आमच्या भागात एका पुढाऱ्याच्या स्तुतीचं गाणं फार वाजत होतं. हिंदी सिनेमाच्या चालीवर शब्द कोंबलेले, आणि ते ट्रकभर भोंग्यांवर लग्नात, वाढदिवसाला, अगदी जयंतीच्या मिरवणुकीतही. आमच्या खिडकीच्या काचा त्याने थरथरायच्या. ते गाणं यादीत येऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत निकष लिहून काढले. एक, गाण्यात बाईचा अपमान नसावा. दोन, गाण्यात कोणत्याही पुढाऱ्याची खुशामत नसावी. तीन, चाल उसनी नसावी. तिसऱ्या निकषावर मी फार खूश होते. दुसऱ्याच्या सुरावर उभं राहणारं गाणं स्वतःच्या पायावर कसलं उभं राहणार, असं एक वाक्यही मी त्याखाली जोडलं होतं.

सरांना निकष आवडले. “पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच घेऊ,” ते म्हणाले. मग मला कुठला धीर! दुसऱ्याच दिवशी मी ते पान अण्णांपुढे ठेवलं आणि पाचशे प्रती छापायला सांगितल्या. अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“हे बराबर लिहिलंस ना?”

“का? काय चुकलं?”

“चुकलं असं न्हाई. कागदाला शाई लागली की मंग पुसत न्हाई, म्हणून इचारलं.”

“छापा तुम्ही.”

त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. माय दारात उभी होती. तिने मान हलवली, छापा अशा अर्थाने. मला वाटलं, घरात आपल्या विचारांना किंमत आहे.

गावोगावच्या लोकांनी चिठ्ठ्यांवर आपापली आवडती गाणी लिहून पाठवली होती. वाचनालयाच्या लांब टेबलावर आम्ही त्या उलगडत बसलो. वर पंखा कुरकुरत होता, शकीलचाचांचा टेप मध्येच फीत खायचा, मग ते बॉलपेन घालून फीत गुंडाळायचे आणि यंत्राला समजावायचे, “सबर कर बाबा, तुझं पण वय झालं, माझं पण झालं.” सर्वांत जास्त चिठ्ठ्या एकाच गाण्याच्या आल्या होत्या. केदारखेड्यापासून जांब समर्थपर्यंत, वेड्यावाकड्या अक्षरांत, बहुतेक बायकांच्या हातच्या. ते गाणं मलाही पाठ होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात, बचत गटाच्या मेळाव्यात, विहारातल्या पौर्णिमेला, हळदीच्या दिवशीसुद्धा बायका ते म्हणत :

डोईवरली पाटी उतर गं बाई,
हातामधी पाटी धर
खडी फोडून सडक केली,
पाऊल टाक तिच्यावर

डोक्यावरची पाटी म्हणजे खडीची टोपली, आणि हातातली पाटी म्हणजे शाळेची. एवढा साधा खेळ, आणि अख्खी बाई त्यात उभी. सरांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, बोटाने सरळ केली. “याला म्हणतात गाणं,” ते म्हणाले. “रचणारा कोण कळलं असतं तर बरं झालं असतं. पारंपरिक लिहावं लागेल.”

शकीलचाचा खोकले. “सर, गाणं तर लाजवाब आहे. पण चाल फिल्मी आहे ह्याची. मी दाखवतो.” त्यांनी खोक्यातून एक जुनी कॅसेट काढून लावली. एका विस्मरणात गेलेल्या हिंदी सिनेमातलं, बागेतल्या प्रेमाचं काहीतरी गाणं. तीच चाल. सूर न् सूर तोच. मला कुणीतरी फसवल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्या चालीला आमच्या मातीतली समजत होते!

“जाऊ दे,” सर म्हणाले. “इतक्या लोकांनी सुचवलंय. हे एक असू दे.”

“सर, नियम म्हणजे नियम.”

“सुजाता, विचार कर.”

“आज हे एक असू दे म्हटलं, तर उद्या तो ट्रकवरचा भोंगा येईल आणि म्हणेल, मी पण एक. मग त्याला काय सांगणार?”

मी लाल पेन उचललं आणि यादीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. मला आठवतं, रेघ मारताना मला फार बरं वाटलं होतं. तत्त्वासाठी आवडतं सोडलं, असं काहीसं.

घरी माय येसर आमटी करत होती. भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या त्या येसर पिठाचा खमंग वास छापखान्यापर्यंत गेला होता, शाईच्या वासात मिसळून. मी पाटावर बसून सगळी हकीकत सांगितली, रेघेसकट. अण्णांचा घास हातातच राहिला. माय आमटी ढवळत होती. तिने पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि म्हणाली, “बराबर केलंस. नियम केला तर पाळावा.” मग ताटात वाढताना विचारलं, “मंग ते भोंग्याचं गाणं गेलं ना?” मी म्हटलं, गेलं. “झालं तर,” ती म्हणाली.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडलं. काय ते मला कळेना. गाड्या तशाच वाजत होत्या, ट्रेडल तसंच खडखटत होतं. मी कोणत्याच पानावर टिकत नव्हते, अंगणात जात होते, परत येत होते. चौथ्या दिवशी माय आणि मी पत्रिकांच्या घड्या घालत बसलो होतो, तेव्हा कळलं. माय गुणगुणत नव्हती. घड्या घालताना, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना तिच्या तोंडात कायम जी एक धून असायची, ती बंद झाली होती. ती चालू असताना मी कधी कान देऊन ऐकली नव्हती. आणि ती कोणती धून होती, हे मला तेव्हा, कागदाची कड दाबता दाबता आठवलं. बागेतल्या प्रेमाची.

मी उठून अण्णांकडे गेले. “माय गात का नाही?”

अण्णा बराच वेळ मशीनचं चाक पुसत राहिले. मग भिंतीशी ठेवलेली लोखंडी पेटी उघडली. त्यात त्यांनी तरुणपणापासून छापलेल्या प्रत्येक कागदाची एकेक प्रत होती. तळातून एक पातळ पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. गाण्यांची पुस्तिका, मळकट निळ्या कव्हराची. अशा पुस्तिका मी शेकडो पाहिल्या होत्या. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल :’ लिहून कोणत्या सिनेमाच्या गाण्याची ते छापलेलं असतं. नोटेशन कुणाला येत नाही, म्हणून ही सोय. चाल माहीत असली की वाचणारा लगेच म्हणू शकतो. पान अकरावर ‘डोईवरली पाटी’ होतं. वर ‘चाल :’ आणि त्या विसरलेल्या सिनेमाचं नाव. खाली रचणाऱ्याच्या जागी छापलं होतं : ‘एक भगिनी’.

“ही भगिनी कोण?”

“आत घड्या घालून राह्यली ती.”

मी पळतच आत गेले. माय माझ्या हातातली पुस्तिका पाहून आधी लाजली, मग हसली. “काढली का ती? मला वाटलं उंदरानं खाल्ली असंल.” मग तिने घड्या घालणं न थांबवता सांगितलं. लग्नाच्या आधी ती माहेरी, केदारखेड्याकडे, खडी फोडायच्या कामावर जात होती. तिसरीतूनच शाळा सुटलेली. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. तिकिटाची ऐपत नव्हती, पण भोंग्यावर ते गाणं दिवसभर वाजायचं आणि तंबू कामाच्या शेजारीच. “ते म्हणत व्हते फुलं तोड अन् माझ्याकडं ये. मला वाटलं, आपल्याकडं फुलं कुठून आणायची? आपल्याकडं खडी. मंग खडीचं घातलं त्याच्यात.” कामावरच्या बायकांनी ते उचललं. दुसऱ्या गावच्या बायकांनी त्यांच्याकडून घेतलं. एक तरुण माणूस गावोगाव फिरून गाणी लिहून घेत होता, तो तिच्या घरी आला. गाणं उतरवून घेतलं, नाव विचारलं. तिचा मोठा भाऊ म्हणाला, लग्नाच्या पोरीचं नाव पुस्तकात नको, चार गावचे लोक वाचतील. त्या तरुणाने वाद घातला नाही. एक भगिनी छापलं.

“अन् मंग वर्षभरानं त्याच माणसाचं स्थळ आलं,” माय म्हणाली. “भगिनी छापली अन् बायको करून घेऊन आला!”

ती खदखदून हसली. दारात उभ्या अण्णांना हसू आलं नाही. बाईच्या हक्कांची किती पत्रकं त्या माणसाने छापली होती, मी त्या पत्रकांतच वाढले होते. आणि त्यांनी वाद घातला नव्हता.

“तू मला आधी का सांगितलं नाहीस? मी रेघ मारली गं!”

“सांगितलं असतं तर तू मायचं गाणं म्हणून ठेवलं असतंस. मंग नियमाला काय अर्थ? आन् चाल खरंच माझी न्हाई, सुजे. खोटं कशाला बोलू?”

दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. मग चीड आली म्हणून, की सवय म्हणून, अण्णांचा जाडजूड शब्दकोश काढला. अभिजात : चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. भाकरी थापताना मायने जे विचारलं होतं, तेच त्या कोशात छापलेलं होतं. तिला शब्द माहीत नव्हता, पण शब्दाच्या पोटात काय आहे ते तिला ऐकू आलं होतं. आणि आम्ही दोन शिकलेली माणसं हसलो होतो. मी माझ्या तिसऱ्या निकषाकडे पाहिलं. चाल उसनी नसावी. म्हणजे गाण्या, तू कुणाच्या पोटचं? तुझा बाप कोण, घराणं कोणतं? गाणं काय करतं, कुणाच्या डोक्यावरची पाटी खाली उतरवतं, हे मी विचारलंच नव्हतं. मी त्याचा जन्म विचारला होता. आमच्या घरात, आमच्या छापखान्यात, पाचशे प्रतींत.

पुढच्या बैठकीत मी बसायच्या आधीच बोलले. “तिसरा निकष मी मागे घेते. भोंग्याच्या गाण्याला अडवायला दुसराच पुरेसा आहे.”

सरांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. पुस्तिका दाखवली, कोशातला अर्थ सांगितला. सर ऐकत होते. शेवटी ते जे म्हणाले ते मला अजून टोचतं, कारण ते खोटं नव्हतं.

“सुजाता, मी त्या दिवशी म्हणालो, असू दे. तू पट्टी लावून रेघ मारलीस. आज गाणं आईचं निघालं म्हणून नियमच वाईट झाला?”

पत्रकांत वाढलेल्या पोरीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, पण आपणच आपल्या बाजूला उभे आहोत की तत्त्वाच्या, हे कळेनासं झालं की जीभ जड होते. मी एवढंच म्हणाले, “हो सर. आईचं निघालं म्हणूनच कळलं. नसतं निघालं तर कळलंही नसतं. ही माझी चूक आहे, पण त्याने नियम बरोबर ठरत नाही.”

शकीलचाचा हळूच म्हणाले, “सर, नाराज होऊ नका. पण तुम्ही घातलेलं ते भजन आहे ना यादीत, तुमच्या आजोबांचं मंडळ म्हणायचं ते. त्याची चाल सांगू का?”

“ती आमच्या मंडळाची चाल आहे. दोन पिढ्यांची.”

“बिलकुल. पण त्याच्या आधी ती कव्वालीची होती. माझे अब्बा गायचे. तुमचे आजोबा दर्ग्याच्या उरुसाला येऊन पुढं बसायचे.” आणि चाचांनी डोळे मिटून, टेबलावर बोटांनी ठेका धरत ती कव्वाली म्हटली. शब्द वेगळे, देव वेगळा, चाल तीच. सरांचा चेहरा आधी ताठ झाला. मग त्यांची बोटं नकळत त्याच ठेक्यावर टेबलावर पडू लागली. कव्वाली संपल्यावर त्यांनी यादी पुढे ओढली आणि वरून खाली बोट फिरवलं.

“असं धरलं तर पंचविसांतली पाच उरणार नाहीत,” ते म्हणाले.

“म्हणून तर म्हणतो,” चाचा म्हणाले, “गाणी राहू द्या, नियमाला जाऊ द्या. त्याला कुणी गात न्हाई.”

सर हसले. गाणं यादीत आलं. चाल आणि रचणारी, दोघींची नावं घालायची असं ठरलं. पण कव्हरावरचा शब्द बदलायला सर तयार झाले नाहीत. “शब्दाचा अर्थ जन्मावर थांबत नाही, सुजाता,” ते म्हणाले. “आपण पंचवीस गाणी आत घातली, तर शब्दच बदलेल.” चाचाही त्यांच्या बाजूने गेले. मी हरले. मला ते आजही पटलेलं नाही, आणि ते पूर्ण चूक आहे असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. आता तो शब्द सरकारी कागदावरही बसला आहे, लोक पेढे वाटतात, आणि माझ्या कानात दर वेळी मायचा प्रश्न वाजतो.

अडचण वेगळीच होती. निकषांचं पान छापून झालेलं होतं. पाचशे प्रती, माझ्याच घाईने. ते फाडून टाकू, नवं छापू, असं मी म्हटलं, तर अण्णा म्हणाले, “फाडायचं न्हाई. चूक लपवली की दुसरी चूक व्हते. शुद्धिपत्र लावू.” छापखान्याची ही जुनी रीत. पुस्तकात चूक राहिली की एक छोटी चिठ्ठी छापून आत सरकवायची : अमुक पान, अमुक शब्द, त्याऐवजी अमुक असे वाचावे.

“शुद्धिपत्र नको,” मी म्हटलं. “शुद्ध-अशुद्ध आपल्या घरात नको. चूकदुरुस्ती म्हणा.”

“बरं बाई,” अण्णा म्हणाले, “चूकदुरुस्ती.”

त्यांनी ऑफसेटला हात लावला नाही. ट्रेडलजवळ बसले, आणि कप्प्यांतून अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून माझी ओळ जुळवू लागले. मी सांगत होते, ते जुळवत होते. पान एक : ‘चाल उसनी नसावी’ याऐवजी ‘चाल कुणाची ते लिहावे’ असे वाचावे. चूक माझी. खाली माझं नाव. मग मी दुसरी ओळ सांगितली. मुखपृष्ठ : ‘अभिजात’ याऐवजी... आणि थांबले. मला शब्द सुचेना. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग काही न विचारता तिथे टिंबांची एक रांग बसवली. पुढे प्रकाशनाच्या दिवशी देशमुख सरांनी ती चिठ्ठी वाचली, खिशातून पेन काढलं, टिंबांवर धरलं, बराच विचार केला आणि पेन पुन्हा खिशाला लावलं. ती टिंबं अजून तशीच आहेत.

मला वाटलं, झालं. पण अण्णा उठले नाहीत. खाली मान घालून ते खिळे वेचतच राहिले. मी वाकून पाहिलं, पण खिळ्यांत अक्षरं उलटी असतात, पटकन वाचता येत नाहीत. त्यांनी शाई लावली, कागद सरकवला, चाक फिरवलं. पहिली चिठ्ठी बाहेर आली ती त्यांनी मला न देता आत नेली आणि मायपुढे धरली. मायने हात पदराला पुसले, चिठ्ठी उजेडाकडे नेली आणि ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचली. माझ्या दोन ओळींच्या खाली तिसरी ओळ होती :

आमच्या जुन्या निळ्या पुस्तिकेत, पान अकरा : ‘एक भगिनी’ याऐवजी ‘कौशल्या’ असे वाचावे. चूक प्रकाशकाची.

“नुसतंच कौशल्या?” माय म्हणाली. “आडनाव?”

“माहेरचं लावू की सासरचं, कळलं न्हाई,” अण्णा म्हणाले. “तव्हा तू कोणाचीच नव्हतीस.”

माय चिठ्ठीकडे बघत राहिली. मग तिने ती चुलीवरच्या फळीवर, येसराच्या डब्याखाली नीट दाबून ठेवली. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं.

“चला,” ती म्हणाली, “भगिनी गेली एकदाची.”

आणि पहिली भाकरी थापता थापता गुणगुणायला लागली.